मॉली ब्राऊनच्या घरात टायटॅनिक शोधायला जाल तर

प्रश्न असा आला आहे: उन्हाळ्यात डेन्व्हरला मुलीकडे जाणार आहोत. टायटॅनिकमधून वाचलेल्या मॉली ब्राऊनचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलंय असं कळलं. तिथे टायटॅनिकच्या खऱ्या वस्तू बघायला मिळतात, की नुसतं सजवलेलं जुनं श्रीमंती घर आहे? वेळ काढून जावं का, आणि गेलो तर नेमकं काय बघावं?

जरूर जा. पण टायटॅनिकच्या वस्तू बघायला मिळतील म्हणून जाणार असाल तर आधीच सांगते, हिरमोड होईल. घर-संग्रहालयांच्या मांडणीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. अशा घरांत येणाऱ्या लोकांच्या मनात एक प्रसंग पक्का असतो आणि घर सांगत असतं भलतंच काही. डेन्व्हरच्या या घरात ही तफावत जितकी आहे तितकी फार थोड्या ठिकाणी सापडेल. ती आधी समजून घेतली तर हेच घर तास-दीड तास सहज खिळवून ठेवतं.

साधी गोष्ट बघा. मध्यरात्री होडीत बसून सुटलेल्या बाईकडे जहाजावरचं उरणार काय? अंगावरचे कपडे आणि खिशात असेल ते. सामान सगळं जहाजाबरोबर अटलांटिकच्या तळाशी, पावणेचार किलोमीटर खोल गेलं. त्यामुळे जहाजातून वाचलेल्या माणसाचं घर म्हणजे बुडालेल्या वस्तूंचं घर नव्हे, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा. मार्गारेट ब्राऊनच्या, म्हणजे तुमच्या या मॉलीच्या, खिशात एक वस्तू होती असं सांगतात आणि ती वस्तू खरोखर होती: इजिप्तहून आणलेली उशाब्तीची छोटी मूर्ती. प्राचीन इजिप्तमध्ये मृताच्या सोबत थडग्यात ठेवायच्या त्या सेवकांच्या मूर्ती असतात, त्यातली ही एक. पण तीही तिने स्वतःजवळ ठेवली नाही. कार्पेथिया जहाजाचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी वाचलेल्या सगळ्यांना समुद्रातून उचलून न्यूयॉर्कला पोहोचवलं, त्यांना तिने ती देऊन टाकली. म्हणजे टायटॅनिकवरून आलेली तिची सर्वांत प्रसिद्ध वस्तू तिनेच घराबाहेर पाठवली.

मग टायटॅनिकचं म्हणून बघण्यासारखं काय? माझ्या मते एक कागद. जहाजाच्या मालक कंपनीविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयात प्रवाशांनी नुकसानभरपाईचे दावे लावले, त्यात मार्गारेटचाही होता. तिने दिलेली हरवलेल्या सामानाची यादी उपलब्ध आहे आणि मार्गारेटबद्दल बोलताना गाईड मंडळी त्या यादीचा उल्लेख करतात. एकूण रक्कम 27,887 डॉलर. त्यातले 20,000 डॉलर एकट्या हाराचे. बाकी फरचे कोट, लेसचे झगे, हॅटा, हातमोजे, बूट. इजिप्तमध्ये घेतलेल्या आठवणीच्या वस्तू 500 डॉलरच्या. आणि डेन्व्हरच्या संग्रहालयासाठी घेतलेल्या प्राचीन प्रतिकृतींच्या तीन पेट्या, त्याही 500 डॉलरच्या. लोक हाराच्या आकड्यापाशी थांबतात. मी पेट्यांपाशी थांबते. स्वतःच्या शहरातल्या संग्रहालयासाठी ही बाई परदेशातून सामान बांधून आणत होती, हे त्या एका ओळीत कळतं.

आता हे आकडे घराच्या किमतीशेजारी ठेवा. हे घर ब्राऊन दांपत्याने 1894 मध्ये 30,000 डॉलरला घेतलं. म्हणजे बुडालेल्या सामानाची किंमत जवळजवळ अख्ख्या घराएवढी. आणि 1932 मध्ये मार्गारेट गेल्यानंतर, महामंदीच्या दिवसांत, तेच घर विकलं गेलं 5,000 डॉलरला. तळाशी गेलेल्या एका हारात तशी चार घरं आली असती! दाव्याचं पुढे काय झालं तर फारसं काही नाही. सगळ्यांचे मिळून 1 कोटी 60 लाख डॉलरच्या वर दावे होते, आणि 1916 च्या तडजोडीत सगळ्यांत वाटायला साधारण 6 लाख 64 हजार डॉलर आले.

आता घराकडे वळू. पत्ता 1340 पेन्सिल्व्हेनिया स्ट्रीट, कॅपिटल हिल भाग. कोलोराडो राज्याच्या विधानभवनापासून चालत जाता येतं. घर 1889 चं, वास्तुकार विल्यम लँग. भिंती कॅसल रॉकच्या राखाडी ऱ्हायोलाइट दगडाच्या आणि कडांना, कमानींना मॅनिटूचा लाल वालुकाश्म. रस्त्यावरून उभं राहून आधी पाच मिनिटं ही दोन दगडांची संगत बघा, आत गेल्यावर वेळ मिळत नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह आहेत, त्यावरून या घराला सिंहांचं घर असंही नाव पडलं.

लँगने ते ब्राऊनसाठी बांधलं नव्हतं. मूळ मालक लार्ज नावाचं दांपत्य. 1893 मध्ये अमेरिकेच्या सरकारने चांदी खरेदीचा कायदा रद्द केला, चांदीचे भाव कोसळले, आणि चांदीवर उभं असलेलं कोलोराडो एका वर्षात होत्याचं नव्हतं झालं. लार्ज यांना घर विकावं लागलं. लँगचीही कामं गेली, आणि 1897 मध्ये इलिनॉयमध्ये रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला. डेन्व्हरमध्ये त्याची आणखी घरं उभी आहेत, आवड असेल तर त्याच भागात फिरताना ओळखता येतील.

मग चांदी कोसळल्याच्या त्याच काळात ब्राऊनांकडे पैसा कुठून आला? कारण त्यांचा पैसा सोन्याचा होता. मार्गारेट टोबिन ही मिझुरीतल्या हॅनिबल गावात 1867 मध्ये जन्मलेली, आयरिश स्थलांतरितांची मुलगी. पुढे ती लेडव्हिल या डोंगरावरच्या खाणगावात आली, कापड-गालिच्यांच्या दुकानात कामाला लागली, आणि 1886 मध्ये जेम्स जोसेफ ब्राऊनशी तिचं लग्न झालं. जे. जे. तेव्हा खाणीत नोकरी करणारा माणूस, श्रीमंत अजिबात नव्हता. चांदी पडल्यावर लिटल जॉनी खाणीत खोल खाली सोनं काढायचं ठरलं. अडचण अशी की मध्ये डोलोमाइटच्या सुट्या वाळूचा थर होता, खणलं की ढासळायचा. जे. जे.ने लाकडी आधार आणि वाळक्या गवताच्या गठ्ठ्यांनी तो थर रोखून धरला. खालचं सोनं हाती आलं. खाणमालक आयबेक्स कंपनीने त्याला 12,500 शेअर आणि संचालक मंडळावर जागा दिली. घरात फिरताना जो जो झगमगाट दिसेल त्याच्या मुळाशी हे गवताचे गठ्ठे आहेत, हे आठवत राहा.

आता मुख्य मुद्दा. कोणतंही घर-संग्रहालय उभं करताना पहिला वाद होतो तो तारखेचा. घर शंभर वर्षं वापरात असतं, रंग बदलतात, भिंती पडतात, नवे मालक येतात. दाखवायचं कुठल्या वर्षीचं? या घराच्या बाबतीत मोहाचं उत्तर 1912, म्हणजे टायटॅनिक बुडालं ते वर्ष, होतं. जगाला हे घर माहीतच त्या वर्षामुळे. पण घर उभं केलंय ते 1910 सारखं. कारण त्या वर्षीचे घराच्या आतले फोटो हाती होते. कुठली खुर्ची कुठे होती, पडदा कसा सोडला होता, भिंतीवर काय टांगलं होतं हे फोटोत दिसतं. 1912 साठी तसा पुरावा नव्हता. पुरावा जिथे, तारीख तिथे, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. तो मोडून केलेली घरं मी पाहिली आहेत, त्यांत सगळं सुंदर असतं आणि कशावरच विश्वास बसत नाही.

परिणाम असा की तुम्ही ज्या घरात पाऊल टाकता तिथे टायटॅनिक अजून बुडालेलंच नाही. या घरातल्या बाईला अजून ते माहीत नाही. आणि आणखी एक गोष्ट: 1909 मध्ये नवरा-बायको वेगळे झाले होते. म्हणजे 1910 चं हे घर नवऱ्याशिवायचं आहे. घराची मालकी 1898 पासून मार्गारेटच्या नावावर होती. गाईड जे. जे.बद्दल बोलेल, त्याच्या वस्तू दाखवेल, पण ज्या वर्षाचं घर म्हणून आपण बघतो त्या वर्षी तो माणूस तिथे राहत नव्हता. कॅथलिक असल्यामुळे घटस्फोट नाही, नुसता विभक्त होण्याचा करार. ही रिकामी जागा मला त्या सगळ्या सामानापेक्षा जास्त बोलकी वाटते.

आत शिरल्यावर पहिला हॉल. इथल्या भिंतींवर अ‍ॅनाग्लिप्टा आहे, म्हणजे उठावाची नक्षी दाबून काढलेला जाड कागद, आणि त्यावर सोनेरी रंग. लांबून नक्षीदार चामड्याचा किंवा धातूचा भास होतो. हा त्या काळचा युक्तीचा माल होता, महागड्या गोष्टीचा थाट कमी खर्चात. लोकांना वाटतं, सोन्याच्या खाणीवाल्यांनी सोनं थापलं. तसं नाही. नवश्रीमंत माणसं कुठे हात सैल सोडतात आणि कुठे आखडतात हे अशा तपशिलांत दिसतं. बाजूला लाकूडकाम आणि रंगीत काचांच्या खिडक्या बघा. सकाळी गेलात तर काचांतून येणारा उजेड जिन्यावर पडलेला मिळेल, म्हणून शक्य असेल तर पहिल्या फेरीचं तिकीट घ्या.

विजेचे दिवे, नळाचं पाणी, भट्टीची उष्णता, टेलिफोन या सगळ्या सोयी या घरात होत्या. त्या काळी पश्चिमेकडच्या खाणींच्या राज्यात ही चैन होती. दिवाणखाना आणि ग्रंथालयात लोक मूर्ती, चित्रं, परदेशी वस्तू बघत बसतात. तिथे गाईडला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू ब्राऊनांचीच, का त्या काळची? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्गारेट गेल्यानंतर घरातलं सामान पांगलं. आज जे दिसतं त्यात काही वस्तू खरोखर कुटुंबाच्या, फिरून परत आलेल्या, आणि बाकी फोटो समोर ठेवून शोधलेल्या तशाच जुन्या वस्तू. चांगला गाईड हे लपवत नाही, विचारलं की खुलतो. आणि फोटोंतली खोली आणि समोरची खोली यांची तुलना करायला मिळाली तर सोडू नका, मग खोलीत काय बरोबर जुळलंय आणि कुठे अंदाज बांधलाय ते तुमचं तुम्हाला दिसायला लागतं.

रंगांबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. या घराच्या भिंतींचे रंग ठरवताना रंगाच्या कपच्यांची तपासणी झाली. पद्धत अशी: भिंतीच्या, शक्यतो कोपऱ्यातल्या किंवा पट्टीमागच्या भागातून नखाएवढा रंगाचा तुकडा खालच्या प्लास्टरसकट काढायचा, तो राळेत बसवून आडवा कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर दिसतात. प्रत्येक थर एक रंगरंगोटी. मधे मधे काजळीची काळी रेघ असते, ती त्या रंगाने किती काळ धूर खाल्ला ते सांगते. पण यात फसायलाही होतं. तेलाचा रंग अंधारात वर्षानुवर्षं दबून राहिला की पिवळा पडतो. पांढरी भिंत मग मलईच्या रंगाची वाटते. त्यामुळे नमुना काही दिवस उजेडात ठेवून पिवळेपणा उतरू द्यावा लागतो आणि मगच रंग जुळवायचा. अमेरिकेत कितीतरी जुनी घरं या चुकीपायी उगाच मळकट पिवळी रंगवली गेली आहेत.

या घरात थर मोजायला भरपूर होते. मार्गारेटच्या हयातीतच, 1926 पासून, घरात भाडेकरू ठेवले जाऊ लागले. विकल्यानंतर तर खोल्या पाडून, नव्या भिंती घालून एकट्या पुरुषांसाठी बारा वेगवेगळे गाळे केले गेले. पुढे काही काळ ते अडचणीतल्या मुलींचं वसतिगृह होतं. आजूबाजूला कॅपिटल हिलमधल्या जुन्या हवेल्या पाडून इमारती आणि गाड्यांचे तळ होत होते. 1958 मध्ये घर घेतलेल्या मालकाला हेही पडणार अशी भीती वाटू लागली. 1970 मध्ये डेन्व्हरच्या नागरिकांनी हिस्टॉरिक डेन्व्हर ही संस्था काढली ती याच घरासाठी. निधी गोळा केला, घर विकत घेतलं, बारा गाळ्यांच्या भिंती काढल्या. 1972 मध्ये ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं.

घर वाचलं ते मात्र खोट्या कथेच्या जोरावर, आणि यात मला काही लाजिरवाणं वाटत नाही. जिवंत असताना तिला कोणी मॉली म्हणत नव्हतं. मैत्रिणींमध्ये ती मॅगी होती. मॉली हे नाव आणि तिच्याबद्दलचे बरेचसे किस्से तिच्या मृत्यूनंतर डेन्व्हरच्या पत्रकारांनी आणि मग 1960 च्या ब्रॉडवे संगीतिकेने पसरवले, 1964 मध्ये त्यावर सिनेमा आला. शेगडीत नोटा जळाल्या, डेन्व्हरच्या उच्चभ्रूंनी तिला दारात उभं केलं नाही, अशा गोष्टी तिथल्या. सिनेमा चालला, लोक घर बघायला येऊ लागले, आणि त्यातूनच ते वाचवायला माणसं उभी राहिली. आता संग्रहालयाचं रोजचं काम म्हणजे ज्या दंतकथेने लोक दारात येतात ती दंतकथा आत आल्यावर हळूच काढून घ्यायची. दुकानातल्या पाटीवर मॉली आणि गाईडच्या तोंडी मार्गारेट असं ऐकू आलं तर गोंधळू नका.

तुम्ही 1997 चा ‘टायटॅनिक’ सिनेमा पाहिला असणार, त्यामुळे होडीचंही सांगून टाकते. मार्गारेट मुलीबरोबर आणि जॉन जेकब अ‍ॅस्टर या अमेरिकी धनाढ्याच्या मंडळींबरोबर इजिप्तमध्ये फिरत होती. पहिला नातू आजारी असल्याचं कळलं आणि तिने घाईने मिळेल त्या जहाजाचं तिकीट काढलं. 10 एप्रिल 1912 ला फ्रान्समधल्या शेरबुर्गला ती टायटॅनिकवर चढली, मुलगी हेलन युरोपातच राहिली. बुडताना ती होडी क्रमांक 6 मध्ये होती. होडीत 65 माणसं बसू शकत होती, होती तिशीच्याही आत. सुकाणूवर टायटॅनिकचा खलाशी रॉबर्ट हिचन्स. बायकांनी वल्ही हातात घेतली, मार्गारेटने हिचन्सशी परत फिरण्यावरून खडाजंगी केली, हे खरं. पण होडी परत गेली नाही. पुष्कळ लोक असं समजून येतात की ती बुडणाऱ्यांना वाचवायला मागे गेली. गेली नव्हती. गाईडला कोणी हे विचारलं की खोलीत एकदम शांतता पसरते.

तिचं खरं काम कार्पेथियावर सुरू झालं, आणि त्यावर कोणी सिनेमे काढत नाही. तिला फ्रेंच-जर्मन येत होतं. तिसऱ्या वर्गातल्या, नवरा आणि सामान दोन्ही गमावलेल्या परदेशी बायकांशी बोलता येणारी ती होती. तिने नावांच्या याद्या केल्या, पहिल्या वर्गातल्या श्रीमंतांकडून वर्गणी काढली. 18 एप्रिलला जहाज न्यूयॉर्कला लागायच्या आत जवळपास 10,000 डॉलर जमले होते. वाचलेल्यांच्या समितीची ती अध्यक्ष झाली. 29 मे 1912 ला कप्तान रॉस्ट्रन यांना समितीतर्फे चांदीचा चषक आणि कार्पेथियाच्या प्रत्येक खलाशाला पदक देण्यात आलं. चषक देतानाचा तिचा फोटो प्रसिद्ध आहे. कुठेही दिसला तर तिच्या चेहऱ्याकडे नाही, कपड्यांकडे बघा: मोठी हॅट, नीट शिवलेला पोशाख. दीड महिन्यापूर्वी सगळे कपडे गमावलेली बाई.

एक गोष्ट ऐकायला मिळेल, तिच्यावर लगेच पूर्ण विश्वास ठेवू नका. बाई म्हणून तिला अमेरिकी सेनेटच्या चौकशीत साक्ष देऊ दिली नाही, असं ठिकठिकाणी सांगतात. तिला बोलावलं नाही हे खरं. पण त्याच चौकशीत हेलन बिशपसारख्या वाचलेल्या बायकांच्या साक्षी झाल्या आहेत, त्यामुळे कारण इतकं सरळ असेल असं मला वाटत नाही. तिच्याच होडीतले हिचन्स आणि मेजर प्यूशेन यांना मात्र बोलावलं गेलं. त्यांचं ऐकलं गेलं, तिचं नाही, याचा तिला राग होता. तिने आपली हकिगत वर्तमानपत्रांत छापली.

वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोल्यांत कपडे मांडलेले दिसतील. तिथे अंधार का, असं लोक वैतागून विचारतात. रेशीम आणि जुनं कापड यांच्यासाठी संग्रहालयात 50 लक्सच्या वर उजेड ठेवत नाहीत, म्हणजे आपल्या घरातल्या संध्याकाळच्या दिव्यापेक्षा कमी. त्यातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रेशमाचं दुखणं वेगळं. तेव्हा रेशीम वजनावर विकलं जायचं, आणि धुऊन घटलेलं वजन भरून काढायला कारखाने त्यात कथिलाचे क्षार मुरवायचे. नवं असताना कापड जड, सळसळतं. पण तेच क्षार धागा आतून खातात. कपाटात न हलवता ठेवलेला झगाही घड्यांवर उभा चिरत जातो, आणि चिरलेलं काही केल्या जोडता येत नाही. म्हणून अस्सल झगे थोडे दिवस बाहेर, मग पुन्हा पेटीत. तुम्हाला दिसतो तो झगा त्या काळचा आहे की नव्याने शिवलेला, हेही विचारायला हरकत नाही. डेन्व्हरची हवा कोरडी असल्याने लाकडालाही त्रास होतो. जुन्या फर्निचरवरचा पातळ लाकडी पापुद्रा सुटतो, सांधे उघडतात. दोरीच्या पलीकडे हात लावू नका म्हणतात ते केवळ शिस्तीसाठी नाही.

स्वयंपाकघर आणि नोकरांचा भाग घाईत ओलांडू नका. पुढचा हॉल आणि मागचं स्वयंपाकघर यांतला फरक हाच त्या काळाचा अर्धा इतिहास. घर चालवणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी स्थलांतरित, मार्गारेटच्या आईसारख्याच. आणि मालकीण स्वतः दुकानात गालिचे विकून वर आलेली. या दोन्ही गोष्टी एका छताखाली कशा नांदत असतील याचा विचार मी तिथे बराच वेळ करत बसले होते.

या घराला एक गोष्ट नीट दाखवता येत नाही: तिचं सार्वजनिक काम. घरात दिसते ती पाहुणचार करणारी श्रीमंत बाई. पण कोलोराडोत बायकांना 1893 पासून मत होतं आणि ती त्या राजकारणात उतरलेली होती. न्यायाधीश बेन लिंडसी यांच्याबरोबर तिने मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाच्या कामाला हातभार लावला. एप्रिल 1914 मध्ये कोलोराडोतल्याच लडलोला संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार होऊन आगी लागल्या, बायका-मुलं मेली, तेव्हा खाणीच्या पैशावर वाढलेली ही बाई कामगारांच्या बाजूने बोलली. सेनेटची निवडणूक लढवायचंही तिने ठरवलं होतं. महायुद्धात उद्ध्वस्त फ्रान्समध्ये मदतकार्य केलं, त्यासाठी 1932 मध्ये फ्रान्सने तिला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. आता या सगळ्याचं खुर्ची-टेबलांत काय दाखवणार? सभा घरात झाल्या असतील, पण सभेचा ठसा गालिच्यावर राहत नाही. त्यासाठी फलक, पत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं लागतात, आणि लोक कात्रणं वाचत नाहीत, झुंबरं बघतात. घर-संग्रहालयांचं हे जुनंच दुखणं आहे. बदलत्या छोट्या प्रदर्शनांत या बाजूचं काही असेल तर तिथे थोडं जास्त थांबा.

जाताना काही व्यवहाराच्या गोष्टी. तिकीट वेळेचं असतं, आधी नेटवर काढून ठेवा, उन्हाळ्यात आयत्या वेळी मिळेलच असं नाही. जिने जुने आणि बरेच आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून कुठवर जाता येईल ते विचारा. मोठी पर्स-पिशवी नेऊ नका, अरुंद वाटेत वळताना ती कशालातरी लागतेच.

घर बघून झाल्यावर चालत जाण्यासारखं म्हणजे कोलफॅक्स आणि लोगन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं कॅथेड्रल. त्याच्या निधीसाठी मार्गारेटने 1906 मध्ये मोठी जत्रा भरवली होती. गाडी असेल तर वॉशिंग्टन पार्कमध्ये जा, तिथे कवी यूजीन फील्ड यांचं छोटं घर आहे. ते पाडायला निघाले तेव्हा 1927 मध्ये मार्गारेटने विकत घेऊन शहराला दिलं, 1930 मध्ये ते उचलून त्या बागेत आणून ठेवलं. स्वतःचं घर वाचवायला लोक उभे राहण्याच्या चाळीसएक वर्षं आधी तिने दुसऱ्याचं घर वाचवलं होतं, आणि मला विचाराल तर तिच्याबद्दल यापेक्षा खरी वस्तू डेन्व्हरमध्ये दुसरी नाही.

एक दिवस जास्तीचा असेल तर लेडव्हिलही करा. तिथे खाणकामाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि गवताच्या गठ्ठ्यांनी रोखलेली वाळू म्हणजे काय हे तिथला डोंगर बघितल्यावर कळतं. फक्त गाव दहा हजार फुटांच्या वर आहे. डेन्व्हरमध्ये दोन-तीन दिवस राहून अंगाला उंचीची सवय झाली की मगच निघा, आणि पाणी भरपूर प्या.